पूस शोधलं, कापूस सापडला

२०२३ च्या दिवाळीचा आठवडा. घाटनांदूरला मामांच्या कृषी सेवा केंद्रात गल्ल्याशेजारच्या कॉम्प्युटरवर मी बसलो होतो. मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून एक म्हातारे बाबा उतरले. बंडीच्या खिशातून मोबाइल काढून त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि मामांना म्हणाले, "भाऊ, हे वाच. नातवानं वाचून दाखिवलं तवापून घास गिळंना."

मामांनी वाचलं. 'आपल्याकडील बाकी दिवाळीपूर्वी जमा करावी, ही नम्र विनंती.' खाली आमच्या दुकानाचं नाव.

"माझ्याकडं कशाची बाकी? मिरगात दोन बॅगा नेल्या, नगदी मोजले पैशे. पावती हाय घरी खुंटीला. आन् यंदाच्या सालात असा मेसेज धाडता?"

यंदाचं साल म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. ऑक्टोबरअखेर सरकारनं राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले होते. बीड जिल्ह्यातले वडवणी, धारूर आणि आमचा अंबाजोगाई तालुका त्यात होता. सोयाबीनचा उतारा पडला होता. अशा दिवाळीत ज्यानं कधी कुणाचा पैसा ठेवला नाही, त्याच्या घरी मागणीचा संदेश गेला होता. संध्याकाळपर्यंत आणखी माणसं आली, फोन आले. मामांनी प्रत्येकाची माफी मागितली. मला ते काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणं जास्त लागलं.

संदेश पाठवणारं बटण मी दाबलं होतं. ज्या प्रोग्रॅमनं यादी काढली, तो मीच लिहिला होता. आपल्या गावात, आपल्या दुकानासाठी, आपल्या भाषेत शोध घेणारं काही बनवणाऱ्या प्रत्येकासाठी ही चूक मी पहिल्यापासून सांगतो.

वहीतून डब्यात

मी काही वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करून गावी परतलो. मामांच्या दुकानात हिशेबाच्या सात जाड वह्या होत्या. नाव, गाव, नेलेला माल, रक्कम आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना वाचण्यासारखा असे: 'पाऊस पडल्यावर देतो', 'ऊस गेला की', 'पैसे पोचले', 'मुलाच्या हाती पाठवतो'. नाव सापडायला मामांना पाच मिनिटं लागत, आणि मृगाच्या गर्दीत पाच मिनिटं फार होतात.

मी ठरवलं, कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम करायचा. इंटरनेटवर अवलंबून नसलेला, कारण नेट आणि वीज दोन्ही आमच्याकडं पाहुण्यासारखी येतात. मामांनी काहीही टाइप केलं तरी सगळ्या रकान्यांतून शोधून द्यायचं, अशी कल्पना.

पहिला मोह मोठ्या इंजिनाचा झाला. पुण्यात इलॅस्टिकसर्चवर काम केलं होतं, तेच इथं बसवलं. दुकानातल्या कॉम्प्युटरची मेमरी ४ जीबी. सर्च इंजिनानं तिचा मोठा हिस्सा अडवला आणि बिल छापायला लागलं की सगळं गपगार. काही हजार नोंदींसाठी स्वतंत्र सर्व्हर चालवणं म्हणजे परसातल्या वाफ्याला पाणी द्यायला कॅनॉल फोडणं.

मग एसक्यूलाइटकडं वळलो. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेला हा डेटाबेस म्हणजे प्रोग्रॅमच्या पोटातच राहणारी एक फाइल. वेगळा सर्व्हर नाही, पासवर्ड नाही. अँड्रॉइडच्या प्रत्येक मोबाइलमध्ये तो असतो. त्यातच एफटीएस५ नावाचं पूर्ण मजकुरात शोधणारं इंजिन २०१५ पासून आहे. चार ओळींत तक्ता तयार होतो: नाव, गाव, माल, शेरा. मी तो केला, बाकी सगळं जसं येतं तसं ठेवलं आणि चाचणी घेतली.

'सोयाबीन' शोधलं, सोयाबीन आलं. 'बर्दापूर' शोधलं, बर्दापूर आलं. 'मुळे' आडनाव शोधलं, मुळे आले. एक बारीक गोष्ट खटकली होती. सापडलेला शब्द पिवळ्या रंगात दाखवायचा होता, तर 'मुळ' एवढंच पिवळं होई आणि शेवटची मात्रा एका ठिपक्यांच्या गोलावर बसून बाजूला पडे. फॉन्टचा दोष असेल म्हणून मी सोडून दिलं. पेशंट खोकत होता आणि मी हवा बदलली असेल म्हणत होतो.

दिवाळीच्या तोंडावर मामा म्हणाले, "पूसवाल्यांची बाकी बरीच राहिली. तेवढ्यांना एक आठवण कर." पूस हे आमच्याच तालुक्यातलं गाव. मी 'पूस' टाइप केलं, यादी आली, आणि मोठ्या हौसेनं केलेलं 'यादीतल्या सर्वांना संदेश' हे बटण दाबलं. यादी खाली सरकवून पाहिली नाही.

यादीत कोण होतं

बाबा गेल्यावर मी ती यादी ओळीओळीनं वाचली. पूसची माणसं होतीच. त्यांच्यासोबत कापसाचं बियाणं नेलेला प्रत्येक जण होता, मग तो कुठल्याही गावचा असो आणि रोखीनं नेलेलं असो. त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे ज्यांच्या शेऱ्यात 'पैसे पोचले' असं लिहिलं होतं, ते सगळे यादीत होते. ज्यांनी पैसे दिले, नेमकं त्यांनाच मी पैसे मागितले होते.

'पूस' शोधल्यावर 'कापूस' येतो हे एक वेळ समजेल, तो शब्द त्याच्या पोटात आहे. 'पैसे' कसा येतो?

एफटीएस५ मध्ये एक सोय आहे, इंजिनानं मजकुराचे कोणते तुकडे करून ठेवलेत त्यांची यादी बघण्याची. तिचं नाव एफटीएस५व्होकॅब. ती मी पहिल्याच दिवशी उघडायला हवी होती. उघडली आणि डोकं धरून बसलो. शब्द नव्हतेच. घ. टन. द. र. प. स. म. ळ. नुसती अक्षरांची भरड.

शोध इंजिन मजकूर वाचत नाही. ते आधी त्याचे तुकडे करतं आणि कोणता तुकडा कुठं आहे याची सूची ठेवतं, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. तुकडे करणाऱ्या भागाला टोकनायझर म्हणतात. एफटीएस५ चा न सांगता मिळणारा टोकनायझर 'युनिकोड६१' हा आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला असतो. 'एल'नं सुरू होणारे वर्ग अक्षरांचे, 'एन'नं सुरू होणारे अंकांचे. हा टोकनायझर अक्षरं, अंक आणि 'सीओ' नावाचा एक खाजगी वर्ग एवढ्यांनाच शब्दाचा भाग मानतो. बाकी सगळं, म्हणजे रिकामी जागा, स्वल्पविराम, कंस, त्याच्या लेखी शब्द तोडण्याची खूण.

आपले काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त हे युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नाहीत. त्यांचा वर्ग 'एम', म्हणजे अक्षराला लागणारी खूण. इंग्रजीला ह्या खुणा क्वचितच लागतात. मराठीत त्यांच्याशिवाय वाक्य होत नाही. त्यामुळे इंजिन प्रत्येक कान्यावर, प्रत्येक उकारावर शब्द तोडत होतं.

'पूस' म्हणजे प आणि स. 'पैसे' म्हणजे प आणि स. 'कापूस' म्हणजे क, प आणि स. शोधशब्दाचे एकाहून अधिक तुकडे झाले की एफटीएस५ ते एकापाठोपाठ आलेले शोधतं. त्याला 'प'च्या मागं 'स' जिथं दिसला ते सगळं त्यानं प्रामाणिकपणे आणून दिलं.

'मुळे' आणि 'माळी' ही दोन आडनावं त्याच्यासाठी एक होती, म आणि ळ. 'काळे', 'कोळी', 'केळी' हेही एक. 'ऊस' शोधला की 'पाऊस' येई, कारण 'पाऊस'चे तुकडे प आणि ऊस. आमच्या भागात ऊस म्हटलं की पाऊस आठवतोच, तरी कॉम्प्युटरनं तो टोमणा मारायची गरज नव्हती. आणि खताचा हिशेब बघायला 'टन' शोधलं, तर अख्खं घाटनांदूर हजर, कारण गावाच्या नावाचे तुकडे घ, टन, द, र असे पडले होते.

मग चाचणी उत्तीर्ण कशी झाली? 'सोयाबीन'चे चार तुकडे पडतात: स, य, ब, न. चार अक्षरं ह्याच क्रमानं दुसऱ्या शब्दात सहसा येत नाहीत, म्हणून लांब शब्द बरोबर सापडत. घोटाळा लहान शब्दांत होता, आणि गावांची, पिकांची, माणसांची रोजची नावं लहानच असतात. शिवाय मी दर वेळी एवढंच पाहिलं की जे हवं ते आलं का. जे नको ते आलं का, हे एकदाही पाहिलं नाही.

अर्धी दुरुस्ती

युनिकोड६१ ला 'कॅटेगरीज' नावाची सूचना देता येते. कोणते वर्ग शब्दाचा भाग मानायचे ते त्यात सांगायचं. मी घाईत 'एमएन' हा वर्ग जोडला आणि 'पूस' शोधलं. 'पैसे' गेले. हुश्श केलं. खाली सरकलो तर कापूस तसाच.

खुणांचे दोन वर्ग आपल्याला लागतात. उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे 'एमएन'मध्ये. काना, वेलांट्या आणि काना-मात्रा मिळून होणारा ओकार हे 'एमसी'मध्ये. मी पहिलाच जोडला होता, त्यामुळे 'कापूस' कान्यावर तुटून क आणि पूस असा झाला होता. अर्धी दुरुस्ती ही न केलेल्या दुरुस्तीपेक्षा वाईट, कारण माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो. दोन्ही वर्ग जोडले तेव्हा कुठं पूस हे पूस राहिलं आणि कापूस कापूस.

ही सूचना बदलल्यावर जुनी सूची आपोआप सुधारत नाही. 'रिबिल्ड'ची आज्ञा दिली तरी तक्त्याला पूर्वी सांगितलेलाच टोकनायझर वापरला जातो. सूचीचा तक्ता काढून टाकायचा, नव्या सूचनेसह परत तयार करायचा आणि मग भरायचा. आमच्या काही हजार नोंदींना त्याला चहा गाळण्याइतकाही वेळ लागला नाही.

कुणी म्हणेल, ट्रायग्रॅम टोकनायझर का घेत नाही? तो प्रत्येक सलग तीन चिन्हांची सूची करतो आणि काना-मात्रेवर तोडत नाही. खरं आहे. पण 'पूस' ही युनिकोडमध्ये तीन चिन्हं, आणि तीच तीन 'कापूस'च्या शेवटी आहेत. म्हणजे पुन्हा कापूस. उलट 'ऊस' ही दोनच चिन्हं, म्हणून तो सापडतच नाही. शब्दाच्या पोटात शोधायचं असेल तिथं ट्रायग्रॅम ठीक. गावाची यादी काढायला नाही.

तुम्ही जावातलं ल्युसीन हे शोध इंजिन वापरत असाल तर त्याचा स्टँडर्ड टोकनायझर युनिकोडच्या शब्दविभाजनाच्या नियमांनी चालतो आणि खुणा अक्षरापासून तोडत नाही. त्यात हिंदीसाठी वेगळा विश्लेषक आहे. लिपी एकच आहे म्हणून तो मराठीला लावू नका. तो हिंदीचे प्रत्यय कापतो. आपल्या आडनावांची शेपटं त्याच्या हाती देण्यात अर्थ नाही.

एकच शब्द, अनेक रूपं

टोकनायझर सुधारला तरी काम संपत नाही. दिसायला एक असलेला मराठी शब्द आत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो.

'शेतकऱ्यांना' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ काही कीबोर्ड स्वतंत्र 'ऱ' अक्षरानं लिहितात. काही साधा 'र', हलन्त आणि त्यामागं एक न दिसणारं जोडचिन्ह असं लिहितात. पडद्यावर फरक दिसत नाही, सूचीत हे दोन वेगळे शब्द. शिवाय ते अदृश्य जोडचिन्ह अक्षरही नाही आणि खूणही नाही, म्हणून टोकनायझर तिथं शब्द तोडतो. शेतीच्या दुकानात 'शेतकरी'च तुटका. उपाय असा की सूचीत घालण्यापूर्वी आधी हे जोडचिन्हवालं रूप 'ऱ'मध्ये बदलायचं, मग उरलेली अदृश्य चिन्हं काढून टाकायची, आणि सगळा मजकूर युनिकोडच्या एनएफसी ह्या एकसारख्या रूपात आणायचा. हाच संस्कार शोधशब्दावरही करायचा. एका बाजूला केला आणि दुसऱ्या बाजूला विसरलो, तर न केलेला बरा.

अंकांचंही तेच. मामा देवनागरी अंक टाइप करतात, मोबाइलवरून आलेले अंक इंग्रजी असतात. इंजिनाला ते एक नाहीत. दोन्हींना एका रूपात आणा.

ऱ्हस्व-दीर्घाचं दुखणं तर घरोघरी आहे. 'सोयाबीन' आणि 'सोयाबिन', 'पूस' आणि 'पुस', 'घाटनांदूर' आणि 'घाटनांदुर'. त्यात चूक नसतानाही भाषाच रूप बदलते: बर्दापूर, पण बर्दापुरात. मी एक दुसरा, सैल रकाना केला. त्यात सगळे दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करून ठेवतो आणि शोधशब्दही तसाच करतो. मग शब्दाच्या शेवटी तारा जोडून सुरुवात जुळणारे शब्द मागितले की 'बर्दापूर' लिहिल्यावर 'बर्दापुरात', 'बर्दापूरचे' दोन्ही येतात. 'कापूस' आणि 'कापसाचे' मात्र असे जुळत नाहीत, कारण तिथं उकारच गळतो. अशा पिकांच्या मोजक्या शब्दांसाठी हातानं केलेली जोडयादी पुरते. एक नियम पाळा: नेमकं जुळलेलं आधी दाखवा, सैल जुळलेलं त्याखाली आणि वेगळ्या रंगात.

गावांच्या नावांनाही अशी जोडयादी लागते. अंबाजोगाई, अंबेजोगाई, आंबेजोगाई ही तिन्ही रूपं चालू आहेत. निजामाच्या काळातलं मोमिनाबाद जुन्या कागदांत भेटतं. आमचं गाव कुणी 'घाट नांदूर' असं तोडून लिहितं. हे कुठलंही इंजिन तुम्हाला शिकवणार नाही. ते गावातल्या माणसालाच माहीत असतं.

आणि मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर पुढचं सगळं थांबवा. पडद्यावर मराठी दिसतं, आत इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग सूची.

माणूस काहीही टाइप करतो

एका सकाळी मामांनी शोधात '१०:२६:२६' लिहिलं. खताची ती रोजची ग्रेड. प्रोग्रॅम चूक दाखवून बंद पडला. एफटीएस५ मध्ये विसर्गासारख्या त्या दोन टिंबांना अर्थ आहे: डावीकडं रकान्याचं नाव, उजवीकडं शोधशब्द. त्यानं '१०' नावाचा रकाना शोधला आणि तो नाही म्हणून हात वर केले. 'जेएस-३३५', 'एमएयूएस-७१', 'बीडीएन-७११' ह्या सोयाबीन आणि तुरीच्या वाणांमधल्या आडव्या रेघेनंही तेच केलं.

उपाय सोपा. माणसानं टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा इंजिनाला देऊ नका. त्याचे शब्द वेगळे करा, प्रत्येक शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत गुंडाळा, आत तसं चिन्ह असेल तर ते दुप्पट करा. मग इंजिन त्याला आज्ञा समजत नाही, मजकूर समजतं.

सूची आणि वही यांचा मेळ

मूळ नोंदी एका तक्त्यात आणि सूची दुसऱ्यात, अशी मांडणी केली तर जागा वाचते. पण मग दोन्हींचा मेळ ठेवणं तुमच्याकडं येतं. नवी नोंद, दुरुस्ती, खोडणं, तिन्हींसाठी ट्रिगर, म्हणजे बदल झाला की आपोआप चालणाऱ्या आज्ञा, लागतात. मी दुरुस्तीचा विसरलो होतो. गाव बदललेली माणसं जुन्याच गावात सापडत राहिली. सूचीतून जुनी नोंद काढताना जुनाच मजकूर जसाच्या तसा द्यावा लागतो. नवा दिला तर सूची आतून बिघडते आणि बिघाड लगेच दिसत नाही. 'इंटिग्रिटी-चेक'ची आज्ञा त्यासाठीच आहे. आम्ही ती रोज दुकान उघडताना आपोआप चालवतो.

सुरक्षित प्रतीचीही एक गोष्ट. मी डेटाबेस 'वॉल' पद्धतीवर ठेवला होता, म्हणजे ताज्या नोंदी आधी शेजारच्या एका वेगळ्या फाइलमध्ये जातात आणि सावकाश मुख्य फाइलमध्ये मिसळतात. प्रोग्रॅम नीट बंद केला तर ती शेजारची फाइल आपोआप मिटते. एका संध्याकाळी वीज गेली, कॉम्प्युटर धाडकन बंद झाला. वीज आल्यावर प्रोग्रॅम न उघडताच मी फक्त मुख्य फाइल पेनड्राइव्हवर घेतली. घरी उघडली तर दिवसभराच्या नोंदी गायब. दुकानात त्या होत्या म्हणून बरं. फाइल नुसती उचलून नेऊ नका. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची सोय किंवा 'व्हॅक्यूम इंटू' ही आज्ञा वापरा. त्यातून एक पूर्ण फाइल मिळते.

शोध वेगळा, निवड वेगळी

इतकं सगळं केल्यावर मला कळलं की माझी मूळ चूक टोकनायझरची नव्हतीच. गाव ही शोधायची गोष्ट नाही, निवडायची आहे. आता आमच्याकडं गावांची ठरलेली यादी आहे, नोंद करताना त्यातूनच गाव निवडावं लागतं, आणि गावानुसार यादी काढायची तर साध्या बरोबरीच्या चिन्हानं काढतो. बाकी आहे की नाही हे रकमेच्या रकान्यावरून ठरतं, शब्दावरून नाही. पूर्ण मजकुराचा शोध फक्त शेऱ्यासाठी आणि नाव नीट न आठवणाऱ्यासाठी.

शोधाचा निकाल हा अंदाज असतो. अंदाजावर माणसाला पैसे मागू नयेत. 'यादीतल्या सर्वांना' हे बटण मी काढून टाकलं. आता प्रत्येक नावापुढं वडिलांचं नाव, गाव आणि बाकीची रक्कम दिसते, मामा एकेकावर खूण करतात आणि मगच संदेश जातो. आधार क्रमांक तर आम्ही ठेवतच नाही. जे सूचीत जातं ते कधी ना कधी कुणाच्या तरी शोधात वर येतं.

नवं बसवण्याआधीची तपासणी

माझ्याकडं आता एक कागद आहे. प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं की हे शोध घेतल्याशिवाय दुकानात जात नाही. तुमच्या गावची नावं घालून तुमचा कागद करा.

'पूस': पूस यावं. कापूस, पैसे येऊ नयेत.

'ऊस': ऊस यावा. पाऊस येऊ नये.

'टन': खताच्या नोंदी याव्यात. घाटनांदूरचे सगळे रहिवासी येऊ नयेत.

'मुळे': माळी येऊ नये. 'काळे': कोळी आणि केळी येऊ नयेत.

'शेतकऱ्यांना': दोन्ही तऱ्हांनी लिहिलेलं यावं.

'बर्दापूर': बर्दापुरात हेही यावं, पण खाली.

'१०:२६:२६' आणि 'जेएस-३३५': प्रोग्रॅम बंद पडू नये.

एक नोंद खोडा, मग शोधा: ती येऊ नये.

शब्दांची यादी उघडून बघा: सुटी अक्षरं भरलेली दिसली तर तिथंच थांबा.

ह्या कागदातल्या निम्म्याहून अधिक ओळींचा शेवट 'येऊ नये'नं होतो, हे बघा. माझ्या पहिल्या चाचणीत तशी एकही ओळ नव्हती.

त्या बाबांकडं मामा मला घेऊन गेले होते, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. बाबांनी चहा दिला, पावती काढून दाखवली, आणि मला म्हणाले, "मशिनीला काय कळतंय? तू तर वाचायचं ना." पावतीवर छापलेलं होतं: कापूस बियाणे, दोन बॅगा, रोख.